मेटेओरा (ग्रीस): कड्यांवरचे मठ, पायऱ्या, बंद वार आणि फोटोंसाठीचा उजेड

कातळवेडा (प्रश्न)

ऑक्टोबरच्या मध्यावर अथेन्सहून मेटेओराला जायचं ठरलंय. गुरुवारी दुपारी पोचणार, शनिवारी दुपारनंतर निघणार. सोबत आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीचे. बाबा ठणठणीत आहेत. आईचे गुडघे दुखतात, दीडशेच्या वर पायऱ्या नकोत.

विचारायचं आहे ते असं:

सहा मठांपैकी आईला कोणते झेपतील? एवढ्या वेळात किती पाहणं शहाणपणाचं? राहायला पायथ्याच्या गावांपैकी कलांबाका बरं की कास्त्राकी?

फोटोंसाठी १६-३५ मिमी (रुंद देखाव्यांची) आणि ७०-२०० मिमी (दूरचं जवळ आणणारी) या लेन्स आणि ट्रायपॉड नेतोय. सगळीकडे सूर्यास्ताचीच शिफारस दिसते. पहाटेचा उजेड कसा असतो? चर्चच्या आत फोटो काढू देतात का? २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन नेऊ का?

कपड्यांचे नियम कडक आहेत असं वाचलंय. आई साडी किंवा पंजाबी ड्रेस घालते. ते चालेल ना?

---

पायवाट

सगळ्यात आधी वार बघा, कारण इथलं नियोजन त्यावरच बसतं किंवा फसतं. बहुतेक मठ आठवड्यातून किमान एक दिवस बंद असतात आणि वार वेगवेगळे. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या उन्हाळी वेळापत्रकात आयिओस स्टेफानोस सोमवारी, मेगालो मेटेओरो मंगळवारी, रुसानू बुधवारी, आयिया त्रिआदा गुरुवारी आणि वारलाम शुक्रवारी बंद. आयिओस निकोलाओस अनापाफसासचं आदल्या दिवशी विचारून घ्या. नोव्हेंबरपासून हिवाळी वेळा लागतात, तेव्हा मोठ्या मठांना जास्तीचे दिवस सुट्टी असते. वेळांमध्ये अधूनमधून बदल होतात, म्हणून पोचल्यावर हॉटेलात त्या आठवड्याचा तक्ता मागायचाच.

म्हणजे तुम्हाला गुरुवारी त्रिआदा नाही आणि शुक्रवारी वारलाम नाही. शनिवारी-रविवारी सहसा सगळेच उघडे, त्यामुळे गर्दीही तेव्हाच. अथेन्सहून येणाऱ्या बस साधारण दहा ते एकच्या दरम्यान माणसं ओततात. नऊला दार उघडताना तिथे उभं असणं हा त्यावर एकच उपाय आहे.

आता पायऱ्या. आकडे तुम्हाला जागोजागी वेगवेगळे दिसतील, कारण कोणी रस्त्यापासून मोजतं, कोणी कड्याच्या पायथ्यापासून. ढोबळ मानाने मेगालो मेटेओरोला तीनशेच्या आसपास, वारलामला दोनशेच्या आत, रुसानू, निकोलाओस आणि त्रिआदाला दीडशेच्या अलीकडे-पलीकडे. पण खरी मेख वेगळीच आहे. मेगालो मेटेओरो आणि त्रिआदा या दोन्हींकडे जाताना गाडीतळापासून आधी खाली घळीत उतरावं लागतं आणि मग समोरचा कडा चढायचा. परतताना तेच उलट, म्हणजे दमल्यावर शेवटी पुन्हा चढ. दुखऱ्या गुडघ्यांना हे जाचतं. आईंसाठी हे दोन्ही सोडा.

आयिओस स्टेफानोस मात्र त्यांच्यासाठीच बांधलाय म्हणा! रस्त्यापासून एक छोटा पूल ओलांडला की थेट दार, चढ नाहीच. हा जोगिणींचा मठ आहे, १९६१ पासून त्यांच्याकडे आहे. बाग नेटकी ठेवलेली, आणि मागच्या कठड्यावरून कलांबाका गाव पायाखाली नि पुढे थेसालीचं सपाट मैदान दिसतं. एकच लक्षात ठेवायचं, हा मठ दुपारी दीड ते साडेतीन बंद असतो. त्या दोन तासांत तिथे पोचून दाराबाहेर बसलेली मंडळी रोज दिसतात.

दुसरा रुसानू. त्याला खालच्या रस्त्यावरून चढता येतं, तसंच वरच्या रस्त्यावरून पायवाटेने उतरून पुलावरून आत शिरता येतं. वरून उतरायचं आणि दर्शन झाल्यावर खालच्या रस्त्याला बाहेर पडायचं, गाडी तिथे बोलावायची. सगळा प्रवास उताराचा होतो. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट असेल तर नेमकं उलट करा, आईंना विचारून ठरवा. हातात काठी असू द्या.

राहायला: गाडी भाड्याने घेणार असाल तर कास्त्राकी. सुळक्यांच्या अगदी कुशीत आहे आणि मठांच्या रस्त्यावरच आहे. गाडी नसेल तर कलांबाका, कारण बसथांबा, स्टेशन, टॅक्सी, खानावळी सगळं तिथे. दोन्ही गावांत जेमतेम दोन किलोमीटरचं अंतर. कलांबाकाहून मठांकडे लोकल बस जाते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या आणि सूर्यास्तानंतर परतीला उपयोगाची नाही. आई-बाबांसाठी अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवून टाका. गाडी चालवणार असाल तर इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा.

अथेन्स ते कलांबाका रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर. रेल्वेने जायचा विचार असेल तर तिकिटाआधी चौकशी करा. सप्टेंबर २०२३ च्या डॅनिएल वादळात पालेओफार्सालोस ते कलांबाका हा फाटा पुरात उखडला गेला होता, त्यामुळे जुन्या प्रवासलेखांतल्या थेट गाडीच्या वेळांवर विसंबू नका. बसचा मार्ग त्रिकालावरून, तिथे बदलून पुढे वीसेक किलोमीटर.

तिकीट प्रत्येक मठाचं वेगळं, दारात, रोख. बरीच वर्षं माणशी ३ यूरो होतं, आता ५ धरून चाला. सुटे ठेवा, ५० ची नोट पुढे केली की रांग अडते.

---

छायाप्रकाश

उजेडाबद्दल. सूर्यास्ताची शिफारस सगळे करतात, कारण तेव्हा आकाश रंगतं आणि सगळ्यांना उठायला सोपं जातं. पण मठांचे फोटो हवे असतील तर ऑक्टोबरात सकाळ निर्विवाद सरस आहे. का, ते नकाशा समोर ठेवून बघा.

मठांचा वरचा रस्ता सुळक्यांच्या पूर्वेकडून जातो. त्यावर प्सारोपेत्रा नावाचा उघडा कातळ आहे, तीच ती प्रसिद्ध सूर्यास्ताची जागा. तिथून रुसानू, वारलाम, मेगालो मेटेओरो आणि खाली निकोलाओस हे सगळे वायव्येच्या अंगाला येतात. जूनअखेरीस सूर्य उत्तरेपासून साधारण ३०० अंशांवर मावळतो, म्हणजे जवळजवळ मठांच्याच मागे. तेव्हा मठ काळे ठिपके होतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तो २६० अंशांच्या आसपास मावळतो, म्हणजे तुमच्या चौकटीच्या बराच डावीकडे. त्यामुळे उजेड बाजूने येतो आणि सुळक्यांच्या कडा उठून दिसतात, हे तुमचं नशीब. तरी मठांच्या आपल्याकडच्या भिंती सावलीतच असतात.

सकाळी याच्या उलट. सूर्य पूर्व-आग्नेयेला उगवतो, तुमच्या उजव्या खांद्यामागून येतो आणि समोरच्या भिंती, लाल कौलं, लाकडी सज्जे उजळतात. सूर्योदय पावणेआठच्या सुमारास. पण पूर्वेकडे टेकड्या असल्यामुळे ऊन लगेच खाली पोचत नाही. आधी सर्वांत उंच माथे, मग वारलाम, मग खोलगटातला रुसानू. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून साडेसातपासून साडेनऊपर्यंत जागा न सोडता थांबायचं. माथा उन्हात आणि पायथा निळ्या सावलीत असा मधला काळ सगळ्यात सुंदर असतो, त्यासाठी ७०-२०० लावून ठेवा.

आयिया त्रिआदा हा दक्षिणेकडे आहे. त्याचं ओळखीचं चित्र, म्हणजे सुळक्यावर एकटा मठ आणि मागे कलांबाका व मैदान, रस्त्यावरून दक्षिणेकडे तोंड करून मिळतं. त्यामुळे भर दुपारी सूर्य थेट लेन्समध्ये आणि मागचं मैदान पांढरं फटक. तो सकाळी नऊपर्यंत (डावीकडून ऊन) किंवा साडेचारनंतर (उजवीकडून) घ्या. गुरुवारी तो आतून बंद असला तरी बाहेरून काढायला काहीच आडकाठी नाही, उलट पायऱ्यांवर माणसं नसतात.

वारलाम आणि मेगालो मेटेओरो समोरासमोर आहेत. यात एक साधं गणित आहे: सकाळी वारलामच्या अंगणातून मेगालो मेटेओरो काढायचा, दुपारनंतर मेगालो मेटेओरोतून वारलाम. उलट केलंत तर दोन्ही वेळा उजेड विरुद्ध. आणि घड्याळावर जाऊ नका. ग्रीसमध्ये ऑक्टोबरअखेरपर्यंत उन्हाळी वेळ चालते, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो एक वीसच्या सुमारास. मेगालो मेटेओरो पूर्वी उशिरापर्यंत उघडा असे, हल्ली तीनला बंद होतो असं धरा. एकनंतर चढून गेलात तर गर्दी ओसरायला लागलेली असते आणि ऊनही कलायला लागलेलं असतं.

तेव्हा तुमचा क्रम असा बसतो. गुरुवारी सामान टाकून चारनंतर त्रिआदा बाहेरून, मग प्सारोपेत्रावर सूर्यास्त (सातला दहा कमी असताना, पण पिंदोसच्या डोंगरांमुळे सूर्य थोडा आधीच दिसेनासा होतो). शुक्रवारी पहाट प्सारोपेत्रावर, मग नाश्ता, अकराच्या सुमारास सगळे मिळून स्टेफानोस, एकनंतर तुम्ही आणि बाबा मेगालो मेटेओरो. शनिवारी नऊला वारलाम, तिथून रुसानू. चार मठ झाले. पाचवा-सहावा कोंबू नका. तिसऱ्या मठानंतर चित्रं डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि कोणत्या भिंतीवर काय पाहिलं तेच आठवत नाही.

एक्स्पोजरमध्ये हमखास चुकतं ते हे: खडक गडद करडा, त्यावर पाण्याचे काळे ओघळ. कॅमेरा खडक बघून उजेड वाढवतो आणि आकाश जळतं. हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजवी कड सांभाळा, रॉ मध्ये (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. आकाश आणि दरी यांतला फरक फार असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फ्रेम घ्या. चढउतारी क्षितिजामुळे ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली स्वच्छ काच) इथे कामाचा नाही, सुळक्यांचे माथे त्यात काळे पडतात. १६ मिमीवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावलात तर आकाशात गडद पट्टा उमटतो, तो ३५ च्या पुढेच वापरा. भर दुपारी ७०-२०० ने दूरचं मैदान टिपायला जाऊ नका, तापलेल्या हवेने चित्र थरथरतं आणि दोष लेन्सवर जातो.

सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी कलांबाकाचे दिवे आणि आकाशाचा निळा समतोलात येतात. आयएसओ १००, एफ ८, दहा ते वीस सेकंदांपासून सुरुवात करा. वारा दरीतून झोताने येतो. ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवा, मधली दांडी वर करू नका, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडला पिशवी टांगलीत तर ती वाऱ्याने हलते आणि चित्रही हलतं. पिशवी जमिनीला टेकलेली हवी.

---

घंटानाद

आतल्या गोष्टींबद्दल लिहितो, कारण फोटोच्या नादात हेच राहून जातं.

चर्चच्या आत, म्हणजे कॅथोलिकॉनमध्ये, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद. फ्लॅश नसला तरी बंद, मोबाइल असला तरी बंद. संग्रहालयाच्या दालनांतही तसंच धरा. अंगण, सज्जे, जुनी स्वयंपाकघरं, कठड्यावरून दिसणारा देखावा हे काढता येतं. ट्रायपॉड मठाच्या दारातून आत न्यायचा नाही, तो गाडीत ठेवा. साधू किंवा जोगिणी समोर आल्या तर कॅमेरा खाली. विचारल्याशिवाय चेहरा टिपू नये, आणि नकार आला तर दुसऱ्यांदा विचारू नये. ही माणसं तिथे राहतात, त्यांची प्रार्थना पर्यटकांसाठी नसते.

कॅमेरा बंद ठेवावा लागतो ते एका अर्थी बरंच आहे, कारण पाहण्यासारखं खूप आहे आणि उजेड अंधुक. सोबत छोटी दुर्बीण न्या. घुमटातला ख्रिस्त पान्तोक्रातोर (सर्वशक्तिमान रूपातला ख्रिस्त) आणि वरच्या ओळींतले प्रसंग नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. आत शिरल्यावर दोन मिनिटं स्वस्थ उभं राहिलं की डोळे सरावतात. बहुतेक लोक त्याआधीच बाहेर पडतात.

चर्चच्या आतल्या भागांचा क्रम समजून घ्या. आधी दालन, ज्याला आपण सभामंडप म्हणू. तिथे संतांच्या छळाचे प्रसंग रंगवलेले असतात, मेगालो मेटेओरोत ते फारच थेट आहेत, आईंना आधी सांगून ठेवा. मग मुख्य भाग, आणि समोर कोरीव लाकडी चित्रभिंत. तिच्यापलीकडे गाभारा, तिकडे जायचं नाही आणि पडद्याआड डोकावायचंही नाही. मेणबत्ती लावायची असेल तर पेटीत पैसे टाकून वाळूच्या तबकात लावा. प्रतिमांना ओठ टेकवणारे भाविक दिसतील. आपण तसं करावं अशी कोणाची अपेक्षा नसते, फक्त त्यांच्या वाटेत उभं राहू नये.

बाबांना चित्रकलेची आवड असेल तर त्यांना अनापाफसासला (वर निकोलाओस म्हटलाय तोच) नक्की न्या. मठ चिमुकला, गर्दी कमी, आणि भित्तिचित्रं १५२७ ची, क्रीटच्या थेओफानिस स्त्रेलित्झासची. आदम प्राण्यांना नावं देतोय हा प्रसंग तिथे आहे, तो शोधा. वारलामच्या मुख्य चर्चमधली चित्रं १५४८ ची, फ्रांगोस कातेलानोस या थीब्जच्या चित्रकाराची. दोन्हींत वीस वर्षांचं अंतर, पण हात किती वेगळा! थेओफानिसकडे शांतपणा, कातेलानोसकडे हालचाल आणि रंगांची गर्दी. एकापाठोपाठ पाहिलं की हे लख्ख कळतं. छायाप्रकाश यांनी चारच मठ म्हटलंय ते बरोबरच, पण कोणता एक वाढवायचा असेल तर हा.

वारलाममध्ये सोळाव्या शतकातलं पाणी साठवायचं प्रचंड लाकडी पिंप आहे, सुमारे बारा हजार लिटरचं. जवळच दोर ओढायचा रहाट आणि जाळं. १९२० च्या दशकात कड्यात पायऱ्या कोरेपर्यंत माणसं आणि सामान या जाळ्यातून नाहीतर काढता येणाऱ्या शिड्यांवरूनच वर जात. मेगालो मेटेओरो अथॉस या मठांच्या डोंगरावरून आलेल्या अथानासिओसने चौदाव्या शतकात वसवला, तेव्हा एक-एक दगड, एक-एक घागर असंच वर गेलं असणार. हे डोळ्यांपुढे ठेवून मग पायऱ्या चढाव्या. एके काळी चोवीस मठ नांदत होते, आज सहा नांदते आहेत, युनेस्कोच्या यादीत ही जागा १९८८ पासून आहे.

कपडे: स्त्रियांना गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट आणि झाकलेले खांदे, पुरुषांना पूर्ण लांबीची पँट. बाह्या नसलेलं काही चालत नाही. स्त्रियांनी पँट घातली असेल तर दारात गुंडाळायचं वस्त्र मिळतं. पंजाबी ड्रेसवर ते वरून गुंडाळायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, सलवार त्यांच्या लेखी पँटच. साडीत प्रश्न पायऱ्यांचा येतो. नेसायचीच तर थोडी आखूड नेसावी, पाठ-पोट झाकायला शाल घ्यावी. माझ्या मते आईंसाठी घेरदार लांब स्कर्ट, वर कुर्ता आणि ओढणी हे सर्वांत सोयीचं. बाबांना थ्री-फोर्थ घालून नेऊ नका.

---

सुळकेबाज

वरच्यांनी सगळं छान लिहिलंय, पण प्सारोपेत्रावर पाय कसा ठेवायचा ते कोणी सांगितलं नाही, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाची इथेच गफलत होऊ शकते.

आपला बेसॉल्ट तुटतो तो कडक, धारदार. कड्याची कड कुठे संपते ते दिसतं. मेटेओराचा खडक वेगळा आहे, वाळूखडक आणि नदीतले गोल गोटे एकत्र घट्ट झालेले. एका प्राचीन नदीच्या मुखाशी साचलेला गाळ तो. हवापाण्याने त्याचे माथे गोलाकार झिजलेत. त्यामुळे कड अशी नाहीच. पुढे जावं तसा उतार हळूहळू वाढत जातो, आणि 'अजून एक पाऊल' म्हणता म्हणता परतीचं पाऊल टाकता येत नाही अशा जागी माणूस पोचतो. फोटोसाठी मागे सरकणाऱ्यांना हे कळतच नाही. बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

दुसरं, गोटे निसटतात. हाताने पकडलेला किंवा टाचेखालचा गोटा सुटून येऊ शकतो. कोरड्या दिवशी बुटाला पकड चांगली मिळते, पण पहाटे दव असताना, पावसानंतर, किंवा जिथे काळपट शेवाळ्याची साय आहे तिथे तोच खडक साबणासारखा होतो. तुम्ही पहाटे जाणार, म्हणून मुद्दाम सांगतो: अंधारात नवीन जागा शोधू नका. गुरुवारी संध्याकाळी उजेडात बसायची जागा हेरून ठेवा, शुक्रवारी डोक्याच्या टॉर्चने तिथेच जा. कॅमेऱ्यातून बघत पाऊल हलवायचं नाही, आधी थांबा, मग बघा. ट्रायपॉडचा एक पाय नेहमी उताराच्या दिशेला ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यासकट सगळंच खाली जाईल.

आई-बाबांना प्सारोपेत्राच्या टोकाकडे नेण्याची गरज नाही. रस्त्याला लागूनच सपाट जागा आहे, तिथून जवळजवळ तोच देखावा दिसतो. गाडी मात्र वळणावर थांबवू नका, पुढच्या गाडीतळात लावा.

चालायची हौस असेल तर कलांबाकाच्या वरच्या अंगाला मरियमचं जुनं बायझंटाइन चर्च आहे, त्याच्या मागून आयिया त्रिआदाकडे दगडी पायवाट चढते. बेताच्या चालीने पाऊण तास. ओढ्याकाठची झाडी आहे, ऑक्टोबरात पानं पिवळी पडू लागतात आणि वाटेवर ओली पानं साचतात, उतरताना जपून. मठ वसलेल्या सुळक्यांवर चढाई करायला बंदी आहे, बाकी काही सुळक्यांवर दोर लावून चढणारे दिसतील.

ड्रोन घरीच ठेवा. २५० ग्रॅमच्या आत असला तरी कॅमेरा आहे म्हटल्यावर युरोपीय नियमांनी चालकाची नोंदणी लागते, आणि युरोपबाहेरच्यांनी ती ज्या देशात पहिलं उड्डाण करणार तिथे करायची. ती केलीत तरी हे संरक्षित पुरातत्त्वस्थळ आहे, त्यावर उडवायला सांस्कृतिक खात्याची वेगळी परवानगी हवी. शिवाय इथल्या कड्यांत शिकारी पक्षी आणि पांढरी गिधाडं घरटी करतात. हल्ली प्री-वेडिंगवालेही चौकशी करतात. त्यांनाही हेच लागू, पैसे घेऊन केलेल्या चित्रीकरणाला आधी परवानगी लागते, अंगणात कपडे बदलून पोज देणं तर सोडाच.

---

कातळवेडा

इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. ड्रोन रद्द. शुक्रवारी मेगालो मेटेओरोला आम्ही दोघं चढू तेव्हा आई रुसानूच्या रस्त्यावर बसून राहण्यापेक्षा हॉटेलवर परतेल, तसं टॅक्सीवाल्याशी बोलून ठेवतो.

दोन प्रश्न उरले. पाऊस लागला तर? आणि आई-बाबा शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

---

छायाप्रकाश

पाऊस लागला तर खरं म्हणजे खूश व्हा, फक्त वेळ हाताशी ठेवा. रात्री पाऊस पडून पहाटे आभाळ मोकळं झालं आणि वारा नसला, तर पिनिओस नदीच्या खोऱ्यातलं धुकं मैदानावर साचतं. वरच्या रस्त्यावर तुम्ही धुक्याच्या वर असता आणि सुळके त्यातून बाहेर आलेले दिसतात. कास्त्राकीतल्या खिडकीतून सगळं पांढरं दिसतंय म्हणून झोपून राहू नका, तीच वेळ वर जायची. धुकं वरपर्यंत आलं असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा, ऊन लागल्यावर ते तुकड्यातुकड्यांनी फाटतं, त्या दहा मिनिटांत ७०-२०० चं काम. धुक्यात कॅमेरा चित्र करडं करतो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. ऑटोफोकस पांढऱ्यात चाचपडतो, मठाच्या भिंतीच्या कडेवर धरून मग मॅन्युअल करा. लेन्सवर बाष्प धरतं, सुती फडकी दोन-तीन ठेवा.

भर पावसात मठांचे अंगणातले ओले दगड, लाकडी छज्जे, समोरच्या कड्यावरून वाहणारे ओघळ हे काढा. आकाश पूर्ण गाळा.

---

पायवाट

पावसात पायऱ्या दगडी आणि झिजलेल्या आहेत, आईंना त्या दिवशी फक्त स्टेफानोस.

जेवणाचं सोपं आहे. 'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करून घ्या. त्यांच्या उपासाला चालणारं जेवण, म्हणजे मांस, अंडं, दूध-दही वर्ज्य. फक्त शिंपल्यासारखं समुद्रातलं त्यांना उपासाला चालतं, म्हणून 'मासे आणि समुद्रातलं काहीच नको' हे वेगळं सांगायचं. मोठ्या पांढऱ्या वालांची टोमॅटोतली भाजी 'यीगांदेस', बीन्सचं दाट सूप 'फासोलादा', उकडलेला रानभाजीचा पाला 'होर्ता' लिंबू पिळून, भात भरलेल्या भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटो 'येमिस्ता'. येमिस्तात कधी खिमा असतो, विचारून घ्या. पालकाच्या पाईत चीज असतं आणि बऱ्याच ठिकाणी अंडंही पडतं, तेव्हा ती टाळलेली बरी. वरच्या मठांपाशी जेवायची सोय नाही, गाडीतळावर फार तर पाणी-खाऊची गाडी. त्यामुळे शुक्रवारी दुपारचा डबा बरोबर घ्या, तुम्ही आणि बाबा मेगालो मेटेओरोच्या पायऱ्या चढायच्या आधी खाऊन घ्या.